माकडटोपी आणि कोयता

दिवाळी जवळ आली की बीडच्या बाजारात हातगाड्यांवर माकडटोप्या लटकू लागतात. शहरातली मुले या टोपीला हसतात. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी लाखो माणसे मात्र भांडी आणि पिठाच्या बरोबरीने ती गाठोड्यात बांधतात.

टोपी मुळात लढाईतली. १८५४ साली क्रिमियात बालाक्लावा गावापाशी लढाई झाली. तिथल्या थंडीत कुडकुडणाऱ्या इंग्रज शिपायांसाठी मायदेशातून विणलेल्या टोप्या गेल्या, त्यावरून इंग्रजीत तिला त्या गावाचे नाव पडले. आपल्याकडे तिला माकडाचे नाव मिळाले, असो.

माझे आईवडील चौदा हंगाम तोडीला गेले. नवराबायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात, माणसे म्हणत नाहीत. गाडी भरायला रात्री दोनला हाक येई. फडात ओल, पाचटावर दव आणि उसाचे पान करवतीसारखे. गालाला लागले की बारीक रेघ उठे आणि घामाने चुरचुरे. म्हणून वडील माकडटोपी नाकापर्यंत ओढत. आई लुगड्यावर वडिलांचा जुना सदरा घाली आणि डोळे सोडून सगळे तोंड टॉवेलाने बांधी. अंधारात मी दोघांना खोकल्यावरून ओळखत असे.

एका रात्री टोळीतले एक लेकरू तापाने फणफणले. वडील औषधासाठी जवळच्या गावात निघाले. वेशीजवळ चारपाच जणांनी त्यांना अडवले. त्या आठवड्यात तिथे चोऱ्या झाल्या होत्या. त्यांनी टोपी ओढली, तोंडावर बॅटरी मारली, दोन थोबाडीत दिल्या आणि मग नावगाव विचारले. रात्रीच्या विजेवर मळ्याला पाणी द्यायला निघालेले गावकरीही मफलरीने तोंड गुंडाळूनच त्याच वाटेने जात होते. त्यांना कोणी थांबवले नाही. परत आल्यावर वडील आईला एवढेच म्हणाले, “थंडी लई हाय म्हणलो, तरी ऐकंनात.”

पुढे मी एका वकिलाकडे कारकुनी केली. तेव्हा १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, म्हणजे आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, हाती आला. त्याचे कलम १२२ वाचून अंगावर काटा आला. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घातक हत्यार घेऊन किंवा तोंड झाकून कोणी सापडला, तर शिक्षा. काळोख, कोयता, झाकलेले तोंड! आमच्या अख्ख्या टोळीचेच वर्णन की हे. पण नीट वाचले तर दोन्हीकडे एक अट आहे: गुन्हा करण्याचा इरादा हवा. नुसते तोंड झाकणे हा गुन्हा नाही. हे वेशीवरच्या त्या चौघांना कोण सांगणार?

२०२० साली तर उलटेच झाले. ‘तोंडावरचा रुमाल काढून आत या’ अशी पाटी लावणारी बँक तोंड झाकल्याशिवाय दारात उभे करीना. त्या एप्रिलात अडकलेल्या ऊसतोड कामगारांना सरकारने गावी परतायची परवानगी दिली, तेव्हा सगळे तोंडे बांधूनच आले. तेव्हा कोणाला चोर दिसले नाहीत.

बँकेत, एटीएममध्ये टोपी वर करायला सांगितले तर वाईट वाटून घेऊ नये. तो नियम साहेबालाही आहे. पोलिसाने विचारले तर तोंड दाखवावे, मुकादमाचे आणि कारखान्याचे नाव सांगावे. रात्री कोणाचे दार वाजवायचे असेल तर आधी टोपी कपाळावर सारावी, आत एखादी एकटी म्हातारी असते. पण वाटेत कोणीही उठून हात उगारला, तर गुन्हा त्याचा आहे, आपला नाही. तक्रार नोंदवायला ठाण्यात जावे, एकट्याने जाऊ नये. आणि औषधाला गावात जायचे झाले तर कोयता कोपीवरच ठेवून निघावे.