ज्याला मी रडीचा डाव म्हणायचो

ज्याला गार्ड पास करता येत नाही तो पायाला लोंबकळतो, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. आणि ते मी मनात ठेवलं नव्हतं. मॅटवर, क्लासनंतरच्या चहाला, नव्या पोरांनी विचारलेलं नसतानाही, सगळीकडे बोलून दाखवलं होतं. हील हूक, म्हणजे टाच पकडून पाय पिळणं, हा रडीचा डाव. आता मी तसं मानत नाही. जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच मागे घ्यावं, म्हणून हे लिहितोय.

मत हवेतून आलेलं नव्हतं. लहानपणी तालमीत गेलेल्या माणसाच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते: पाठ टेकली की कुस्ती संपली. पुढे पुण्यात ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकायला लागलो, तेव्हा समोरचा आपणहून पाठीवर पडला, त्याने दोन्ही पाय आमच्या मध्ये आणले आणि तिथूनच माझा गळा आवळला. चितपट झालेला गडी जिंकतो, हे पचायलाच मला वेळ लागला. पाठीवरच्या त्या पवित्र्याला गार्ड म्हणतात, आणि वरच्याने ते पाय ओलांडून, अंगावर भार टाकून त्याला दाबून ठेवलं की गार्ड पास होतो. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सूच्या संघटनेच्या नियमांत त्याचे 3 गुण. उभ्याने पाडलं तर 2. मला वाटलं, हे आपलं काम. खांदा हनुवटीखाली रुतवायचा, गुडघा त्याच्या मांडीवरून सरकवत मॅटला लावायचा, इंचाइंचाने पुढे जायचं. घामाचं काम, म्हणून इज्जतीचं.

त्या घामाच्या मध्यात कुणी खाली बसून तुमचा एक पाय दोन मांड्यांत पकडावा, टाच कोपराच्या खोबणीत अडकवावी आणि अंग वळवावं, याचा राग येणारच. पायाला हात घालण्याचं मला वावडं नव्हतं. एकेरी पट, दुहेरी पट तालमीतलं पोरगं सुद्धा काढतं. पण पट काढून माणूस पाडायचा असतो, त्याचा सांधा पिळायचा नसतो.

शिवाय माझ्याकडे पुरावे होते, आणि ते मी सोयीने वापरायचो. 12 नोव्हेंबर 1993, डेन्व्हर, मिश्र मार्शल आर्ट्सची पहिली यूएफसी स्पर्धा. उपांत्य फेरीत केन शॅमरॉक पायासाठी मागे पडला, रॉइस ग्रेसी त्याच्यावर आला आणि गळा आवळून मोकळा झाला. बघा, मी सांगायचो, पायाच्या मागे लागलात की वरची जागा गेली. दुसरा पुरावा रूसिमार पल्यारेसचा. समोरच्याने टॅप करून हार मानल्यावरही हा गडी पाय सोडत नाही म्हणून 2013 मध्ये यूएफसीने त्याला काढून टाकलं. असला खेळ असली माणसं तयार करतो, इतक्या थराला मी जायचो. एका माणसाचा दोष डावाच्या माथी मारायचा, आणि गळा आवळताना हेच कुणी केलं असतं तर गळ्याच्या डावाला दोष दिला असता का, हे स्वतःला विचारायचं नाही.

डेन्व्हरच्या त्याच रात्री, त्याच शॅमरॉकने आधीच्या फेरीत पॅट्रिक स्मिथला हील हूकनेच हरवलं होतं. हे मला माहीत होतं. सांगत नव्हतो.

ब्राझीलमध्ये या तुच्छतेला जुना इतिहास आहे. जिउ-जित्सूत ग्रेसी घराण्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण ओस्वाल्दो फादा रिओच्या गरीब उपनगरांत शिकवायचा, आणि 1950 च्या दशकात त्याच्या शिष्यांनी ग्रेसींच्या अकादमीला आव्हान देऊन हरवलं. त्यांचं हत्यार होतं पाय. पुढे पाय धरणाऱ्यांना तिथे जोडे शिवणारे म्हणून हिणवलं जाई. एखाद्याच्या कामाचं नाव शिवीसारखं वापरायची खोड आपल्याकडेच आहे असं नाही. हे वाचल्यावर मी जरा गप्प झालो, कारण माझ्या ‘रडीचा डाव’मध्येही तोच वास होता: खालच्या दर्जाचा माणूस, खालच्या दर्जाचा डाव. पण मत त्याने बदललं नाही. इतिहास वाचून माझं कुठलंच मत कधी बदललेलं नाही.

बदलायला सुरुवात झाली 2019 च्या एडीसीसी या ग्रॅपलिंगच्या स्पर्धेपासून. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये ती झाली. लॅकलन जाइल्स हा ऑस्ट्रेलियन 77 किलोंच्या गटातला, पेशाने फिजिओथेरपिस्ट, आणि गंमत म्हणजे गुडघेदुखीवर संशोधन केलेला माणूस. आपल्या वजनगटात त्याला पदक मिळालं नव्हतं. मग तो वजनाची अट नसलेल्या गटात उतरला आणि कायनान दुआर्ते, पॅट्रिक गाउदियो, महामेद अली या तिघा धिप्पाड ब्राझिलियनांना हील हूकने टॅप करायला लावून कांस्यपदक घेऊन गेला. दुआर्ते तर त्याच स्पर्धेत 99 किलोंवरच्या गटाचा विजेता होता. मधे गॉर्डन रायनने जाइल्सला हरवलं. तो अपवाद पुढे कामाला येईल.

त्या लढती मी पहिल्यांदा पाहिल्या त्या चिडून. पुन्हा पाहिल्या तेव्हा लक्षात आलं की मी चुकीच्या माणसाकडे बघतोय. जाइल्सकडे नाही, वरच्याकडे बघायला हवं. वरचा मला शिकवलेलंच करत होता: उभं राहायचं, पायांवर पकड घ्यायची, पाऊल पुढे टाकून पास सुरू करायचा. ते पुढे आलेलं पाऊलच जाइल्स उचलत होता. म्हणजे जो पास मी कष्टाचा आणि इज्जतीचा म्हणून मिरवत होतो, तो समोरच्याला माझ्या टाचेला हात लावायची परवानगी नाही या नियमावर उभा होता. नियम काढा, पास कोसळतो. मग पळवाट कोणाची होती, त्याची की माझी?

डीन लिस्टरने हे फार आधी ओळखलं होतं. 2003 आणि 2011 अशी दोनदा त्याने एडीसीसी जिंकली ती पायांच्या जोरावर. न्यूयॉर्कमध्ये रेन्झो ग्रेसीच्या अकादमीच्या तळघरात शिकवणाऱ्या जॉन डॅनहरला त्याने विचारलं होतं की अर्धं शरीर सोडून का खेळता. डॅनहरने तो प्रश्न मनावर घेतला आणि पायाच्या पकडीला पद्धतशीर शास्त्र केलं. मी तो प्रश्न ऐकून हसलो होतो.

एवढं सगळं झालं तरी डोक्याने मान्य करणं वेगळं आणि पाय अडकलेला असताना मान्य करणं वेगळं. आमच्याकडे फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी आहे, वजनाने माझ्या निम्मी म्हटलं तरी चालेल. तिने पाय धरला की मी जिवाच्या आकांताने तो मागे ओढायचो. ती शांतपणे म्हणायची, “काका, ओढू नका. ओढलं की टाच आपोआप माझ्या हातात येते. गुडघा आधी.”

हील हूकमध्ये पिळली जाते टाच, पण मोडतो गुडघा. पाऊल फिरलं की नडगीचं हाड फिरतं. मांडी समोरच्याच्या दोन पायांच्या चिमटीत घट्ट धरलेली असली की तिला फिरता येत नाही, आणि मधल्या सांध्याची लिगामेंट आणि कूर्चा सगळा पीळ सोसतात. वाईट म्हणजे वेदना उशिरा येते. दुखायला लागेपर्यंत वेळ गेलेली असू शकते. म्हणून सुटकेचा सगळा हिशेब गुडघ्याचा. तो त्या चिमटीतून बाहेर आला की डावातली मोठी भीती गेली, मग पाऊल अडकलेलं असलं तरी विचार करायला सवड मिळते. त्याआधी हातांनी त्याचे हात अडवायचे, टाच लपवायची, आडवं न पडता बसतं व्हायचं आणि भार त्याच्याकडे न्यायचा. मोकळा पाय त्याच्या हाती लागू द्यायचा नाही, कारण दोन्ही पाय गेले की वळताच येत नाही. आणि वळायचंच तर दिशा ओळखून. चुकीच्या दिशेला वळलात तर त्याचं काम तुम्हीच पूर्ण करता. हे काहीच जमत नसेल तर लगेच टॅप, मिशीला पीळ न देता.

हे गिरवताना एका संध्याकाळी मी हाफ गार्डमधून पास करत होतो. हाफ गार्ड म्हणजे माझा एक पाय खालच्या गड्याच्या दोन पायांत अडकलेला. मी नेहमीसारखा खांदा रुतवला, त्याचं अंग सपाट केलं, आधी गुडघा मोकळा केला, मग पाऊल काढलं. आणि तिथेच थांबलो. आधी गुडघा, मग पाऊल. ज्याला मी पासिंग म्हणत होतो तेही अडकलेला पाय सोडवणंच होतं. इतकी वर्षं तेच करत होतो आणि त्याच कामाच्या दुसऱ्या तोंडाला नाकं मुरडत होतो.

त्यानंतर माझं पासिंग बदललं. पाय सोडवला की पूर्वी मी हुश्श करून उठून मागे जायचो, म्हणजे समोरच्याला पुन्हा गार्ड जमवायला वेळ द्यायचो. आता मागे जात नाही. गुडघा सुटतो त्या क्षणी त्याचे पाय बहुतेक वेळा एका बाजूला पडलेले आणि कंबर पिळलेली असते. तिथेच पाय दाबून त्यावरून छाती टाकली की लेग ड्रॅग नावाचा पास जवळजवळ आयता मिळतो. उभ्याने पाऊल पुढे टाकणंही कमी केलं. कमरेला दोन्ही हातांची मिठी मारून, पाठ वाकवून, त्याच्या कमरेची हालचाल आधी मारायची आणि मग पाय ओलांडायचे. हा बॉडी लॉक पास अलीकडे इतका का चालतो ते मला आता कळतं. गॉर्डन रायनसारखे लोक वरून इतके निश्चिंत का असतात तेही. तो डॅनहरच्या याच पायांच्या शाळेत वाढला. पाय कुठे धोक्यात आहे हे माहीत असलेला माणूसच पाय सावकाश पुढे टाकू शकतो.

माझं सगळंच मत पालटलं असं कुणी समजू नये. 2021 पासून आयबीजेजेएफने हील हूकला मुभा दिली ती फक्त नो-गीमध्ये, म्हणजे जाड कापडी पोशाखाशिवाय, प्रौढ ब्राउन आणि ब्लॅक बेल्टना. गी घालून बंदी कायम आहे, आणि ती राहावी असं मला वाटतं. कापडाच्या घर्षणात पाय सटकत नाही आणि पीळ सुटायला जागा उरत नाही. नव्या मुलांना मी पहिल्यापासून सुटका शिकवतो, सरळ अँकल लॉक शिकवतो, हील हूकमध्ये मात्र पकड बसली की सोडून द्यायची, पिळायचं नाही. आमची फिजिओ यावर माझ्याशी भांडते. तिचं म्हणणं, पकड बसल्यावर सोडून देणाऱ्याला ती टिकवायची कशी हे कधीच कळत नाही, आणि सुटणाऱ्याला वाटतं की आपण आपल्या कर्तबगारीने सुटलो. दुसऱ्या मुद्द्यावर तिचं खरं आहे. पहिल्यावर मी अजून हटून बसलोय.