चार वॅटांचं घड्याळ

घड्याळात बारा वाजतात तेव्हा खामगावात खरे बारा वाजलेले नसतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आणि खामगाव साधारण ७६.६ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आम्ही जवळपास २४ मिनिटं मागे. २४ मिनिटं म्हणजे एक घटका. १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाणवेळ लागू झाली. तेव्हापासून सूर्य आमच्या माथ्यावर सरासरी एक घटका उशिरा येतो, आणि त्यावाचून कुणाचंही काही अडलेलं नाही. मग अशा ठिकाणी सेकंदाचे अब्जांश मोजणारं घड्याळ कशाला, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकानं मला आपापल्या परीनं विचारून झाला आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझं बरंचसं काम सर्व्हरच्या नोंदी वाचण्याचं. कुठली घटना आधी आणि कुठली नंतर, हे त्या नोंदींतल्या वेळेवर ठरतं. देशाची वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली आण्विक घड्याळं ठरवतात, आणि ती जाळ्यातून आमच्यापर्यंत येते. घरून काम सुरू झालं तसा मी पुण्याची खोली सोडून खामगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. येताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला एक जुना ऑसिलेटर सोबत आणला. मोबाइल टॉवरमधून निघालेला भंगारातला माल. चहाच्या बशीत मावेल एवढा.

त्याचं महत्त्व कळायला आधी साधं मनगटी घड्याळ घ्या. त्यातला क्वार्ट्‌झचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि साधारण २५ अंश तापमानाला सगळ्यात जलद चालतो. तापमान वर गेलं तरी तो मंदावतो, खाली गेलं तरी मंदावतो. आमच्याकडे मे महिन्यात ४२ अंश हे काही विशेष नाही. त्या तापमानात हे घड्याळ दिवसाला सुमारे ०.८५ सेकंद मागे पडतं. थंडीत पहाटे पारा आठवर उतरला, तरी मागे पडण्याचा वेग तेवढाच. मनगटावर अंगाची ऊब असते म्हणून हे जाणवत नाही. भिंतीवरच्या घड्याळाला तो आधार नसतो.

यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो. क्रिस्टल थंड ठेवायचा नाही, तापवायचा. एका छोट्या ओव्हनमध्ये तो कायम ८० अंशांच्या आसपास ठेवायचा. बाहेर ८ असो की ४४, आतल्याला पत्ता लागत नाही. थंड करण्यापेक्षा गरम करणं सोपं असतं आणि स्वस्तही. अट एवढीच की ओव्हनचं तापमान बाहेरच्या कमाल तापमानापेक्षा बरंच वर हवं. मी थर्मोकोलच्या डब्यात ॲल्युमिनियमचा ठोकळा ठेवून त्यावर ऑसिलेटर बसवत होतो तेव्हा आजी बघत होती. म्हणाली, "बाप्पा! एवढ्या उन्हाळ्यात त्याले गरम करून राह्यला तू? अन् वरून पांघरूनही घालतं?"

पांघरुणाबद्दलची तिची शंका शास्त्राला धरूनच होती. ओव्हनला तापमान सांभाळायचं तर थोडी उष्णता सतत बाहेर निसटावी लागते. डबा फार घट्ट बंद केला तर निघालेली उष्णता आतच कोंडते. मे महिन्यात आतली हवाच ओव्हनच्या तापमानाला जाऊन भिडेल आणि मग नियंत्रण संपलं. म्हणून थर्मोकोलचा थर पातळ ठेवला, आणि बाकीचं काम घरावर सोपवलं. आमचं घर जुनं, धाब्याचं. मातीच्या भिंती दोन हात जाड. मे महिन्यात अंगणातलं तापमान दिवसरात्रीत १६-१७ अंशांनी खालीवर होतं. माजघराच्या कोपऱ्यात, गव्हाच्या कोठीमागे, हा फरक तीन अंशांच्या आत राहतो, हे मी मोजून पाहिलं. ज्या कोपऱ्यात धान्य टिकतं, तिथेच क्रिस्टलही टिकतो.

तापमानाचं जमलं, विजेचं अवघड होतं. ओव्हनची वीज गेली की क्रिस्टल थंड होतो. वीज आल्यावर तो पुन्हा तापतो, पण बरोबर पहिल्याच वारंवारितेवर परत येत नाही. स्थिर व्हायला काही तास, कधी काही दिवस लागतात. दहा मिनिटांसाठी लाइन गेली तरी आठवडाभराची मेहनत वाया जाऊ शकते. उपग्रहाच्या सिग्नलवरून हळूहळू दुरुस्ती होत राहते, पण सेकंदा-सेकंदाचा भार क्रिस्टलवरच असतो.

सरळ मार्ग म्हणजे घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी. मी हिशेब मांडला. घड्याळाला लागतात चार वॅट. किरकोळ वाटतात, पण ते चोवीस तास लागतात. म्हणजे दिवसाला ९६ वॅट-तास. आजीच्या खोलीतला पंखा ७० वॅटांचा. माझ्या घड्याळाचा एक दिवस म्हणजे तिच्या पंख्याचा जवळजवळ दीड तास. मे महिन्यातल्या रात्री लाइन गेल्यावर हा दीड तास कुणाचा, यावर घरात चर्चा व्हायची गरजच नव्हती.

म्हणून घड्याळासाठी वेगळी बॅटरी आणली, १२ व्होल्ट, २६ अँपिअर-तासांची. निम्मीच वापरायची ठरवली तरी ३९ तास निघतात. छपरावर छोटं सौर पॅनेल. घड्याळ कायम बॅटरीवरच चालतं. लाइन आणि पॅनेल फक्त ती भरतात. त्यामुळे लाइन गेल्याचा धक्का क्रिस्टलपर्यंत पोचत नाही. इथेही उष्णता आडवी येतेच. शिसे-आम्लाची बॅटरी कायम भरत ठेवायची, तर २५ अंशांना जे व्होल्टेज योग्य, ते ४२ अंशांना साधारण ०.३ व्होल्टनं कमी करावं लागतं. नाहीतर पाणी उडतं आणि बॅटरी लवकर मरते. तापमान बघून चार्जरचं व्होल्टेज बदलणारं छोटं सर्किट त्यासाठी लावलं.

इतकं सगळं करून काय मिळालं? एक उपग्रह आठवतो. इस्रोनं १ जुलै २०१३ ला सोडलेला आयआरएनएसएस-१ए. पुढे त्याची तिन्ही रुबिडियम घड्याळं निकामी झाली. उपग्रह फिरत राहिला, पण स्थान सांगायच्या कामातून बाद झाला. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा देशी बनावटीचं रुबिडियम घड्याळ गेलं. तिथे घड्याळाची किंमत कुणाला समजावावी लागत नाही. माजघरात समजावावी लागते.

बाबांनी एकदाच विचारलं, "तुह्या घड्याळाले लाइन गेल्याचं कळते. आल्याचं कळते का?"

त्यांची लाइन म्हणजे विहिरीवरच्या मोटारीची थ्री फेज. काही दिवस ती दिवसा असते, काही दिवस रात्री. हरभरा-गव्हाच्या हंगामात रात्रीची पाळी आली की वेळापत्रकातल्या वेळेला बॅटरी घेऊन ते दोन किलोमीटर चालत जातात. लाइन आलेली नसेल तर विहिरीपाशी थंडीत वाट बघत बसतात. अंधार, साप, रानडुकरं.

घड्याळाचा वीजपुरवठा जपण्यासाठी मी घरच्या लाइनचं व्होल्टेज दर सेकंदाला नोंदवत होतोच. त्या नोंदी उघडल्या. आमच्याकडे शेतीची लाइन सुरू होऊन मोटारी लागल्या की घरचं व्होल्टेज दहा-बारा व्होल्टनं खाली येतं. आलेखात पायरी पडल्यासारखं स्पष्ट दिसतं. आता ती पायरी दिसली की बाबांचा फोन वाजतो. याला क्रिस्टल लागत नाही, ओव्हन लागत नाही. साधं मनगटी घड्याळही पुरलं असतं. पण त्या ओव्हनसाठी लाइनवर नजर ठेवली नसती, तर ही पायरी मला दिसलीच नसती.

परवा लाइन सव्वा तास उशिरा आली. बाबा तेवढा वेळ घरी झोपले.