माझे प्रमाणपत्र

प्रमाणपत्र मिळाल्याचा आनंद माणसाला कोणत्याही वयात होतो. गेल्या महिन्यात एका सकाळी माझ्या मोबाइलवर असे एक प्रमाणपत्र येऊन दाखल झाले. भोवती सोनेरी किनार, मध्यभागी ठळक अक्षरांत माझे नाव, आणि खाली मी प्रशिक्षण ‘यशस्वीपणे’ पूर्ण केल्याची ग्वाही. विषय होता, अध्यापनात तंत्रज्ञानाचा उपयोग. अध्यापक विद्यालयात भावी शिक्षकांना शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला या कागदाचे अप्रूप वाटावे असे काही नाही. तरीही तो दाखवण्यासाठी मी स्वयंपाकघरात गेलो.

पत्नी मेथी निवडत बसली होती. तिने मोबाइलकडे एकवार पाहिले आणि म्हणाली, “अहो, हे माझ्या नावावर यायला हवं होतं, नाही का?”

मी गप्प बसलो, कारण तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. रोज सकाळी साखरेच्या डब्याला टेकवून मी मोबाइल उभा करी, व्याख्यान सुरू करी, आणि वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर जाई. आवाज थांबला की आत येऊन ‘पुढे’ या शब्दावर बोट टेकवावे आणि पुन्हा अग्रलेखाकडे वळावे, असा माझा अभ्यासक्रम. शेवटची प्रश्नावली मी अनुभवाच्या आणि अंदाजाच्या जोरावर सोडवली. व्याख्याने ऐकली ती हिने.

“शिकवता शिकवता पारखायचं आणि शिकवून झाल्यावर पारखायचं, यातला फरक सांगू का?” तिने विचारले, आणि तो नीट सांगितलाही. मग मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, “बाई बोलायच्या छान. पण दोन ठिकाणी मला त्यांना काही विचारायचं होतं. विचारणार कुणाला?”

हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना.

29 जुलै 2020 रोजी मंजूर झालेले राष्ट्रीय शिक्षण धोरण मी बारकाईने वाचले आहे. प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे ते म्हणते. 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, अशी त्याची अपेक्षा आहे. तंत्रज्ञानाला तर त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्याआधीच, 2017 साली ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले होते. 2019 साली सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या उपक्रमाने 42 लाख शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे लक्ष्य ठेवले. एवढ्या अफाट देशात एवढ्या शिक्षकांपर्यंत दुसऱ्या कोणत्या वाटेने पोहोचणार? तेव्हा धोरणाला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. साखरेच्या डब्याला मोबाइल धोरणाने टेकवला नव्हता. तो मी टेकवला होता.

परंतु तास मोजणे सोपे आणि शिकणे मोजणे कठीण, ही अडचण उरतेच. सोपे तेच मोजले जाऊ लागले की माझ्यासारख्यांचे फावते.

या धोरणाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष के. कस्तुरीरंगन हे इस्रोचे माजी प्रमुख होते, हा योगायोग मला नेहमी बोलका वाटतो. कारण याच संस्थेने 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात, अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहाच्या साहाय्याने, सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणी नेली होती. त्या वर्षी हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही त्याच मार्गाने मिळाले. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, त्यांना नुसते पडद्यासमोर बसवले नव्हते. जोडीला नभोवाणी होती, छापील साहित्य होते, आणि हाताने करून पाहण्याचे प्रयोग होते. वर्ष संपले, उसना उपग्रह परत गेला. मागे राहिले असेल ते शिक्षकाच्या हातात उतरले तेवढेच.

हातात उतरणे म्हणजे काय, हे आमच्या फळ्याकडे पाहिले की कळते. फळा हेसुद्धा एके काळचे नवे तंत्रज्ञानच. पण आम्ही विद्यार्थी-शिक्षकाला फळा देऊन मोकळे झालो नाही. अक्षर केवढे काढावे, लिहिताना वर्गाकडे पाठ किती वेळ करावी, कोणता शब्द तासाच्या शेवटपर्यंत ठेवावा आणि कोणता पुसावा, याचा सराव करून घेतला. मागच्या बाकावर वही घेऊन बसलो, चुका दाखवल्या, पुन्हा पाठ घ्यायला लावला. म्हणून फळा शिक्षकाचा झाला. मोबाइलच्या बाबतीत मात्र वही घेऊन मागे कोणी बसत नाही.

प्रमाणपत्राच्या दुसऱ्याच दिवशी मी एका सराव पाठाच्या निरीक्षणाला गेलो. पाचवीचा वर्ग, विषय जलचक्र. आमच्या विद्यार्थिनीने भिंतीवर सुरेख चित्रफीत दाखवली. समुद्र तापला, वाफ वर गेली, ढग झाले, डोंगरावर पाऊस पडला. मुले तल्लीन झाली होती. तेवढ्यात एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, वाफेबरोबर मीठ वर का जात नाही? पाऊस खारट का नसतो?”

“खाली बस. पुढे येईल त्यात,” बाई म्हणाल्या. पुढे ते आले नाही.

मी वहीत ‘शंका टाळली’ असे लिहू लागलो आणि माझा हात थांबला. मुलाला विचारायचे होते आणि पडद्याला उत्तर देता येत नव्हते. माझ्या स्वयंपाकघरातही आदल्या दिवशी हेच घडले होते. हा शेरा लिहिण्याचा मला काय अधिकार?

पाठानंतरच्या चर्चेत मी त्या सगळ्या मुलामुलींना माझ्या प्रमाणपत्राची खरी कथा सांगितली. आधी हशा झाला. मग एकजण हळूच म्हणाला, “सर, आम्हीही असंच करतो.” खोली एकदम शांत झाली. इतकी वर्षे मी त्यांना शैक्षणिक साहित्याचे गुण देत आलो. पण चित्रफीत कुठे थांबवायची, थांबवून काय विचारायचे, आणि तिच्यात नसलेले उत्तर कुठे शोधायचे, हे मी कधी शिकवलेच नव्हते. त्या दिवशी आम्ही तीच चित्रफीत सहा ठिकाणी थांबवून पाहिली. प्रत्येक ठिकाणी मुले काय विचारतील, याची यादी केली.

आठ दिवसांनी त्या मुलीने तो पाठ पुन्हा घेतला. या वेळी तिने आधी एका पसरट ताटलीत मिठाचे पाणी ओतून ती उन्हात ठेवायला लावली. दुपारी ताटली वर्गात आली तेव्हा पाणी आटले होते आणि तळाशी पांढरा थर होता. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने बोट लावून तो चाखला. मग चित्रफीत सुरू झाली, आणि समुद्रावरून वाफ उठताच मुलाने स्वतःच सांगितले, “मीठ खालीच राहिलं!” त्या सबंध तासात चित्रफीत चालली जेमतेम पाच मिनिटे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सर्वत्र बोलबाला झाला तो पुस्तकांतील क्यूआर कोडचा. पण मुलांची मातृभाषा कन्नड आहे हे ओळखून पुस्तके त्या भाषेत आणणारे मन त्या ठिपक्यांच्या चौकटीमागे होते. ते मन कसे घडते, याची तरतूद शिक्षकांच्या सराव पाठातच करावी लागेल.

मी ते प्रशिक्षण पुन्हा पाहतो आहे. त्याचे दुसरे प्रमाणपत्र मिळत नाही. मोबाइल साखरेच्या डब्यालाच टेकलेला असतो. फरक एवढाच की मीही समोर वही घेऊन बसतो आणि मेथी आम्ही दोघे निवडतो. तिचे ते दोन प्रश्न मी लिहून घेतले आहेत. एकाचे उत्तर आम्हांला सापडले. दुसरा मी उद्या वर्गात विचारणार आहे.