नावाचा रकाना

परीक्षेचे अर्ज, हजेरीपट, जनगणनेचे तक्ते असे नाना प्रकारचे रकाने भरण्यात माझ्या आयुष्याची तीस वर्षे गेली आहेत. तेव्हा रकान्याचे भय आता आपल्याला उरलेले नाही, असा माझा समज होता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका रकान्याने तो खोटा ठरविला. रकाना दिसायला अगदी साधा होता. 'कलावंताचे नाव' एवढेच दोन शब्द त्यावर होते; पण तो भरावयास मला सतरा दिवस लागले.

हकीकत अशी. माझ्या कपाटात दोन कॅसेटी पडून होत्या. १९८९ सालच्या दिवाळीच्या सुटीत मी आत्याकडे माणदेशात गेलो असता त्या भरल्या होत्या. कोणाकडून तरी मागून आणलेला टेपरेकॉर्डर मी जात्याशेजारी पाटावर ठेविला, कळ दाबली, आणि आत्या जोंधळे दळता दळता ओव्या गात राहिली. १९९६ साली ती गेली. फीत चिकटू लागली तेव्हा माझ्या मुलीने ते सारे गाणे संगणकात उतरवून घेतले आणि ती म्हणाली, "बाबा, हे आपल्यापुरतंच का ठेवायचं? स्पॉटिफायवर, यूट्यूब म्युझिकवर घालू या की!"

मला वाटले, पत्राच्या पेटीत पाकीट टाकावे तितकेच हे सोपे असेल. परंतु या बाजारात गायकाने परस्पर दुकानात जाण्याची रीत नाही. मध्ये एक वितरक असतो. गाणे, त्याचे चित्र आणि त्याची जन्मपत्रिका त्याच्या हवाली करावयाची, म्हणजे तो ते जगभरच्या दुकानांत पोहोचवितो. यांपैकी गाणे तयारच होते. सारा वेळ गेला तो चित्राला आणि पत्रिकेला.

पत्रिका मोठी मौजेची असते. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक मिळतो. त्यात देशाची, नोंदणी करणाराची आणि वर्षाची खूण असते व शेवटचे पाच अंक अनुक्रमाचे असतात. मात्र ते वर्ष गाणे गायिल्याचे नव्हे, क्रमांक दिल्याचे. त्यामुळे आत्याच्या ओव्या त्या दप्तरात तिच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या ठरल्या. सबंध संग्रहाला निराळा क्रमांक. तो बिस्किटांच्या पुड्यावर असतो तसलाच. शब्दांत काही अशिष्ट आहे काय, असाही एक प्रश्न होता. सासूच्या जाचाच्या सात ओव्या आठवून मी क्षणभर थबकलो. मुलीने हसून 'नाही' वर खूण केली. प्रकाशनासाठी वार मात्र आयता मिळाला. २०१५ सालापासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडला आहे. आम्ही श्रावणातला शुक्रवार धरला. आत्याला मूलबाळ नव्हते. पण जिवतीच्या शुक्रवारी ती आम्हा भाचरांच्या नावाने चारी दिशांना अक्षता टाकीत असे.

चित्राचे काम याहून कठीण निघाले. १९४० च्या सुमारास कोलंबिया कंपनीत अॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण चित्रकाराने तबकड्यांच्या वेष्टनांवर चित्रे काढावयास आरंभ केला. तोपर्यंत बहुतेक तबकड्या साध्या, रंगहीन वेष्टनांतच विकल्या जात. आज चित्रावाचून गाणे कोणी स्वीकारतच नाही. चित्र चौरस हवे, तीन हजार ठिपके रुंद आणि तितकेच उंच हवे, अंधूक नको, त्यावर किंमत नको, पत्ता नको. आत्याचे छायाचित्र आमच्या घरी एकच आहे. एका लग्नातले, समूहाच्या अगदी कडेला, अर्धा चेहरा दुसऱ्या कोणाच्या खांद्याआड गेलेला. तो मोठा केला तर चेहऱ्याऐवजी नुसते धुके दिसू लागले. शेवटी मुलीने आत्याने शिवलेली गोधडी खिडकीच्या उजेडात पसरली आणि तिच्या मधल्या चौकटीचे चित्र घेतले. खाली मी हौसेने 'दोन जुन्या कॅसेटींवरून' असे लिहविले. चार दिवसांनी वितरकाकडून नकार आला. संगणकी प्रकाशनाच्या चित्रावर कॅसेटचा उल्लेख चालत नाही आणि चित्रावरील मजकूर अर्जाशी जुळला पाहिजे! उल्लेख काढला. परंतु आता मजकूर जुळवायचा म्हणजे नाव ठरविणे आले.

त्याआधी आणखी एक रकाना होता. वर्तुळात 'पी' हे अक्षर, त्यापुढे वर्ष आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे नाव. १९६१ च्या रोम येथील करारापासून ही खूण रूढ आहे. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. म्हणजे ज्याने ते घडवून आणले तो. येथे तो मीच. तिने जाते ओढले, गळा झिजविला आणि मी कळ दाबली. त्या कळीच्या जोरावर माझे नाव कोणताही विचार न करता एका क्षणात त्या रकान्यात जाऊन बसले. तिच्या नावाचा रकाना मात्र तसाच रिकामा राहिला होता. त्या दोन रकान्यांकडे पाहताना मला जी लाज वाटली ती अद्याप गेलेली नाही.

गीतकाराच्या रकान्यात मी प्रथम सरसकट 'पारंपरिक' असे लिहिले होते. मागाहून लक्षात आले की तीन ओव्या १९७२ च्या दुष्काळाच्या आहेत. खडी फोडणाऱ्या बायका आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो त्यांत आहे. ही परंपरा कोठून येणार? त्या तिच्याच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तेव्हा गाणारणींची नावे आणि गावे त्यांनी आवर्जून टिपली. 'पारी'च्या संग्रहात ती आज कोणालाही पाहता येतात. परक्यांनी जी दखल घेतली ती भाच्याने घेऊ नये काय?

पण कोणते नाव? रेशनकार्डावर तिचे सासरचे नाव होते. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेले. आम्ही तिला नुसते आत्या म्हणत असू. तिचे माहेरचे नाव माझ्या वडिलांनंतर कोणाच्याच ओठी उरले नव्हते. तेही मला कळले ते कॅसेटमुळेच. दुसऱ्या कॅसेटीच्या शेवटी जाते थांबते आणि माझा कोवळा, आगाऊ आवाज ऐकू येतो : "आत्या, आता नाव सांग." थोडा वेळ काही नाही. मग ती एकच शब्द उच्चारते. तिचे माहेरचे नाव. लगेच हसते आणि म्हणते, "पुसून टाक ते. लोक म्हणतील, म्हातारीला नावाची हौस!"

मी ते पुसले नाही. त्या वयातला आळस, दुसरे काय! ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळी, १९०२ साली, कलकत्त्यात गौहर जान गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत असे. त्यामुळे दूर जर्मनीतल्या कारखान्यात तबकडीवर योग्य नाव चिकटविता येई. त्याच शहरातल्या कुलीन घरातील अमला दास यांच्या तबकड्यांवर नुसते 'मिस दास (अमॅच्युअर)' असे छापलेले असे. नाव सांगणे आणि नाव झाकणे, दोन्ही रीती तेव्हापासूनच्या. माझ्या आत्याने एका दमात दोन्ही केल्या.

मुलगी म्हणाली, "सांगितलं तेही तिनंच आणि पुसायला लावलं तेही तिनंच. मग आपण तिचं कोणतं ऐकायचं?" या प्रश्नावर माझी सारी विद्वत्ता कुंठित झाली. तिच्या सासरच्या पुतण्याची संमती घेणे भागच होते. त्यांनी ती आनंदाने दिली, फक्त जाता जाता म्हणाले, "आमचं आडनाव तेवढं घालू नका, बरं का." मला प्रथम राग आला. परंतु रात्री विचार करताना वाटले की या गृहस्थांनी नकळत वाट दाखविली. नवऱ्याचे आडनाव नको असेल तर बापाचे तरी कशाला हवे? जे नाव तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले तेवढेच, एकाकी, कोणाचेही शेपूट न लावता लिहावे. मुलीने बजावले की रोमन अक्षरांत एकाच पद्धतीने लिहा. एका अक्षराचा फरक पडला तर हे दप्तर एका गायिकेच्या दोन करते. मला हसू आले. एकीच्या दोन करण्याचे काम लग्नाच्या दिवशीच झाले होते. आम्ही त्या दोघींतली पहिली निवडली.

श्रावणातल्या त्या शुक्रवारी सकाळी फोनच्या काचेवर गोधडीचा बोटभर चौकोन उमटला आणि त्याखाली ते नाव. मी योग्य केले की नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र आम्ही केली. शेवटची ओवी जगाला दिली ती जाते थांबते तेथपर्यंतच. नाव लिहिले; पण ज्या आवाजात तिने ते सांगितले तो आवाज कोणाला दिला नाही. तेवढे तिचे ऐकले.