सालामांकाची मैत्री घड्याळाखाली भेटते

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेत घरचे काय काय भरतात! लाडू, मेतकूट, छोटा कुकर, औषधांचा डबा. फी, व्हिसा आणि राहण्याचे कागद दहा वेळा तपासून होतात. पण तिथं रोज संध्याकाळी बोलायचं कुणाशी, याचा विचार फारसा कुणी करत नाही. पुणे असो, नागपूर असो की झाशीजवळचं बिजौली, आपल्याकडे माणसं शोधावी लागत नाहीत, ती आजूबाजूला असतातच. स्पेनमधल्या सालामांका शहरातही माणसं भरपूर आहेत, फक्त ती घरात भेटत नाहीत.

माद्रिदपासून सुमारे 200 किलोमीटरवर तोर्मेस नदीकाठी हे शहर आहे. इथलं विद्यापीठ 1218 सालचं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही सुमारे 70 वर्षं आधीचं. दीड लाखाच्या आतलं हे शहर विद्यार्थ्यांवरच चालतं. जुन्या इमारतींचा दगड पिवळसर असल्यामुळे संध्याकाळच्या उन्हात अख्खं गाव सोनेरी दिसतं. जुनं शहर तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पार करता येतं.

चौक हीच बैठकीची खोली

शहराच्या मधोमध प्लासा मायोर हा मोठा चौक आहे. 1729 साली बांधायला घेतलेला हा चौक 1755 मध्ये पुरा झाला. चारही बाजूंनी कमानी आणि एका बाजूला नगरपालिकेची इमारत, तिच्यावर घड्याळ. ‘घड्याळाखाली भेटू’ एवढंच इथं सांगतात, पत्ता लागत नाही. विद्यार्थी चौकातल्या फरशीवरच बसतात आणि तासन्‌तास गप्पा मारतात. काही विकत घ्यावं लागत नाही.

आपली मुलं नेमकी इथं गोंधळतात. आपल्याकडे ‘घरी जेवायला ये’ म्हटलं की मैत्री पक्की होते. स्पेनमध्ये घर हे बहुतेक वेळा कुटुंबासाठी आणि मित्रांसाठी चौक, कॅफे, नदीकाठ. घरी बोलावणं येईल म्हणून वाट पाहत खोलीत बसलेला मुलगा महिन्याभरात ठरवून टाकतो, ‘ही माणसं तुसडी आहेत.’ वर्गातल्या कुणीतरी ‘केदामोस?’ म्हणजे ‘भेटायचं का?’ असं विचारलेलं असतं, पण तेच आमंत्रण होतं हे त्याच्या लक्षातच येत नाही.

रात्री नऊला संध्याकाळ

दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊ-दहाला. जेवण झाल्यावरही कुणी लगेच उठत नाही. ताटं रिकामी झाल्यावर रंगणाऱ्या या गप्पांना ‘सोब्रेमेसा’ असा खास शब्दच आहे. सात वाजता वरणभात खाऊन झोपणाऱ्याची ओळख वर्गापुरतीच राहते.

खाणंही फिरतं असतं. एका ठिकाणी एक छोटी बशी, की पुढच्या दुकानात दुसरी. या छोट्या बशांना तापास म्हणतात. व्हॅन डाइक नावाचा रस्ता त्यासाठी प्रसिद्ध आहे. पैशांसाठी अनेकदा आधीच सगळे सारखी वर्गणी काढतात, तिला ‘बोते’ म्हणतात. शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण हॅम किंवा ट्यूना मासा काही जणांच्या हिशेबात मांसात येतच नाही. ‘हॅमही नको, मासाही नको’ असं स्पष्ट सांगावं. बटाट्याचे पातातास ब्राव्हास, टोमॅटो चोळलेला पाव, तळलेल्या हिरव्या मिरच्या मिळतात. दारू न पिणाऱ्याने ‘मोस्तो’, म्हणजे द्राक्षाचा गोड रस मागवावा. गटात बसायला ग्लासात काय आहे हे कुणी बघत नाही.

तू की तुम्ही?

स्पॅनिशमध्येही आपल्यासारखं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. पण विद्यार्थी एकमेकांना पहिल्या भेटीपासून ‘तू’च म्हणतात, काही प्राध्यापकांनाही तेच चालतं. मुली भेटताना गालाला गाल लावतात, त्यात वावगं काही नाही. भाषा कच्ची असेल तर ‘इंतेरकांबियो’ शोधावा. त्यात अर्धा तास तुम्ही इंग्रजी बोलायचं, अर्धा तास समोरच्याने स्पॅनिश. अनेकांची पहिली स्थानिक मैत्री अशीच जमते.

सणही सोडू नयेत. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, ‘लुनेस दे आग्वास’च्या दिवशी गाव नदीकाठी डबे घेऊन जातं. आपल्या वनभोजनासारखंच, फक्त डब्यात मांस भरलेली ‘ओर्नासो’ नावाची पोळी असते. शाकाहारी मुलांनी थालीपीठ न्यावं. ते संपायला वेळ लागत नाही.

चार भारतीय मुलं एकत्र राहिली की कुकरची शिट्टी ऐकू येते, गणपतीही बसतो. आजारपणात, परीक्षेच्या काळात हाच आधार असतो. मात्र सगळ्या संध्याकाळी त्याच खोलीत गेल्या, तर पदवी स्पेनची आणि ओळखी गावच्याच, असं होतं. आठवड्यातले दोन दिवस तरी चौकासाठी ठेवावेत.

शेवटी घरच्यांसाठी. उन्हाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार तास. आपण झोपायच्या आधी फोन करतो, तेव्हा तिकडे जेमतेम संध्याकाळ होत असते आणि मुलगी बाहेर पडायच्या तयारीत असते. ‘इतक्या रात्री कुठे निघालीस?’ हा प्रश्न घड्याळ बघून विचारावा. परत येताना सोबत कोण आहे, पोचल्यावर निरोप टाकशील ना, एवढं मात्र जरूर विचारावं. आणि ‘आज काय खाल्लंस?’ याच्या जोडीला ‘आज कुणाला भेटलीस?’ हेही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर डब्यातून देता येतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर तिला घराबाहेरच पडावं लागेल.