पुंगळ्यांची धुलाई

12 एप्रिल, शनिवार

क्लबच्या शेडमध्ये आज प्रथमच आतपर्यंत गेलो. नेमबाजीच्या मैदानावरून वर्षानुवर्षं झाडून आणलेल्या रिकाम्या पुंगळ्या तिथं पिंपांत, बादल्यांत, खताच्या पिशव्यांत भरून ठेवल्या आहेत. त्यात चिखल, वाळकी पानं आणि मेलेले कोळीही आहेत. समितीनं ठरवलंय की त्या धुऊन, निवडून विकायच्या आणि पैसे ज्युनिअर संघाच्या प्रवासाला द्यायचे. इथं मिझुरीत घरी काडतुसं पुन्हा भरणारे लोक खूप. त्यांना स्वच्छ पुंगळी हवी असते.

शेजारचे म्हातारबुवा क्लबचे जुने सभासद. व्हिएतनामला जाऊन आलेले. त्यांच्याकडे थरथरणाऱ्या वाडग्याचं छोटं यंत्र आहे. एका घाण्यात नऊ मिलिमीटरच्या पाचशे पुंगळ्या, वेळ तीन तास. मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. नऊ मिलिमीटरची एक पुंगळी चार ग्रॅमला किंचित कमी भरते, म्हणजे शंभर किलोत पंचवीस हजारांहून जास्त. पन्नास घाणे, दीडशे तास, आणि हे शंभर किलोंचं. शेडमध्ये माल किती आहे ते वजन करायची कुणाची छाती झाली नाही.

"तू टूलरूमवाला. काहीतरी कर," म्हातारबुवा म्हणाले. निवृत्त माणसाला एवढं आमंत्रण पुरतं.

13 एप्रिल, रविवार

कोरडं की ओलं, हा पहिला प्रश्न. कोरड्या पद्धतीत अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या बुरकुंडाचा भरडा यंत्रात घालतात, पुंगळ्या त्यात घासल्या जातात. चकाकी झकास येते, शिवाय वाळवायची कटकट नाही. पण पुंगळीच्या बुडाशी जो प्रायमर असतो, त्याच्या मसाल्यात बहुधा शिशाचं संयुग असतं, लेड स्टिफनेट. बार उडाला की शिशाचा अंश आत काजळीबरोबर बसतो. कोरड्या घासणीत तो भरड्यात उतरतो, आणि चाळताना धूळ होऊन थेट नाकात जातो. म्हातारबुवा आजवर हे काम गॅरेजमध्ये दार लावून करत आले. त्यांना मी नाव ठेवलं नाही, पण मास्क आणून दिला.

ओलंच करायचं ठरलं, तेही उघड्यावर आणि हातमोजे घालून. पोरांसाठी पैसे उभे करायचे असले तरी पोरांना या कामाजवळ फिरकू द्यायचं नाही, असं मी समितीला स्पष्ट सांगितलं. एकदोघांना ते जास्तीचं वाटलं. वाटू दे.

पुतण्या सध्या शिक्षणासाठी इथं आहे, तो मदतीला यायला उत्सुक होता. त्यालाही नाही म्हटलं, पण कारण निराळं. इथल्या केंद्रीय कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळीसुद्धा येते, आणि तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला दारूगोळा बाळगायला बंदी आहे. शिकारीचा परवाना वगैरे अपवाद आहेत. पण पुंगळ्या विसळण्यापायी वकील कशाला गाठायचा?

16 एप्रिल, बुधवार

सिमेंट मिक्सर मिळाला. जुना, साडेतीन घनफुटी, म्हणजे जवळपास शंभर लिटरचं पोट. एका गवंड्यानं गंजला म्हणून टाकायला काढला होता.

त्याआधी दुसरा एक बेत कागदावर करून पाहिला होता. दोन रूळ, त्यांवर आडवा ठेवलेला जाड पीव्हीसी पाइपाचा पिंप, आणि जुन्या भट्टीच्या पंख्याची मोटर. इथल्या साठ हर्ट्झच्या विजेवर ती मिनिटाला 1725 फेरे फिरते. दीड इंची पुलीवरून बारा इंचीवर पट्टा घेतला की एकास आठ. पुढं एक इंची रुळावर बारा इंची पिंप, तिथं एकास बारा. पिंप फिरेल अठराच्या आसपास. बेत देखणा होता आणि लेथवर दोन दिवसांचं काम होतं. पण पोट लहान. ढीग पाहता मिक्सरच बरा.

मिक्सरच्या ड्रमचा व्यास अर्धा मीटर. कारखान्यात बॉल मिलसाठी जे सूत्र वापरायचो तेच इथं लागू पडतं: 42.3 भागिले मीटरमधल्या व्यासाचं वर्गमूळ. उत्तर येतं साठ. मिनिटाला साठ फेऱ्यांवर माल ड्रमच्या भिंतीला चिकटून नुसता गरगरेल, घासला जाणार नाही. मिक्सर फिरतो सव्वीसवर, निम्म्याहून कमी. पितळ नरम असतं, त्याला उंचावरून आपटायचं नाही, एकमेकांवरून घरंगळू द्यायचं. म्हणजे गवंड्याच्या यंत्राचा वेग आपल्या कामाला आयता जमला.

न जमणारी गोष्ट एकच, आतली लोखंडी पाती. पुंगळीचं तोंड त्यांवर आपटलं की चेमटणार. जुना बागेचा होस उभा चिरून पात्यांच्या कडांवर चढवला, तारेनं आवळला, आणि ड्रमला आतून तळ्यात अंथरतात ते रबर चिकटवलं. वास दोन दिवस जाणार नाही. तोंडाला प्लायवुडचं झाकण. ड्रम जितका आडवा करावा तितकं घरंगळणं चांगलं, पण पाणी तोंडातून सांडतं, म्हणून झाकणाशिवाय गत्यंतर नाही.

19 एप्रिल, शनिवार

धुण्याआधी निवडणं. या कामाला कुणी सांगून येत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

आधी लोहचुंबक फिरवायचा. पोलादी पुंगळ्या वर पितळी मुलामा देऊन आलेल्या असतात, डोळ्यांना फसवतात, चुंबकाला नाही. ॲल्युमिनियमच्या हातात घेताच कळतात, हलक्या आणि करड्या. मग आकार. पंचेचाळीस कॅलिबरच्या पुंगळीत चाळीसची अडकते आणि चाळीसच्या पोटात नऊ मिलिमीटरची. अशी जोडगोळी ड्रममध्ये गेली की पाणी मधे शिरत नाही आणि दोन्ही काळ्याच बाहेर येतात. क्लबकडे खाचांच्या रंगीत चाळण्यांचा संच आहे, त्यानं ढोबळ निवड होते. पण .380 ची पुंगळी नऊ मिलिमीटरच्या बहिणीसारखी दिसते, लांबी सतरा मिलिमीटर आणि तिची एकोणीस. ती शेवटी नजरेनंच काढावी लागते.

रायफलच्या लांब पुंगळ्यांत बऱ्याच बुडावर 'एलसी' अक्षरांच्या. हा लेक सिटीच्या कारखान्याचा शिक्का. 1941 साली सुरू झालेला तो सरकारी दारूगोळा कारखाना इथून हाकेच्या अंतरावर, इंडिपेन्डन्स गावात आहे. ट्रुमन अध्यक्ष ज्या गावचे, तेच हे. लष्करी मालात प्रायमर भोवतीनं दाबून बसवलेला असतो, काढायला जड जातो, म्हणून त्यांची रास वेगळी.

आणि जिवंत काडतुसं! पिंपाच्या तळातून मूठभर निघाली. कुणाच्या तरी हातून पडलेली, न उडालेली, झाडूबरोबर आलेली. .22 ची तर इतकी बारीक की मोठ्या पुंगळीच्या पोटात दडून बसतात. म्हणून प्रत्येक पुंगळी तोंड खाली करून हलवायची, हा नियम. घाईवाल्यांना मी या टेबलावरून उठवलं.

आपल्याकडं एनसीसीच्या शिबिरात गोळीबार झाला की रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायला लागायच्या, एक कमी भरली तरी सगळी तुकडी गवत चाचपत बसायची. इथं त्याच वस्तूची पिंपं कुलपाशिवाय पडून आहेत. दोन देशांतला फरक सांगायला मला पुष्कळदा एवढंच उदाहरण पुरतं.

26 एप्रिल, शनिवार

पहिला घाणा. वीस किलो पितळ, म्हणजे पाच हजारांच्या घरात पुंगळ्या, वीस लिटर पाणी, भांडी घासायचा साबण आणि सायट्रिक ॲसिड तीन चहाचे चमचे. इंडियन स्टोअरमध्ये ते लिंबूफूल म्हणून मिळतं. म्हातारबुवांना वाटलं, एवढ्या पितळाला किमान कपभर तरी हवं. मी सांगितलं, आमच्याकडे देवाची भांडी चिंचेनं घासतात. चिंचेतलं टार्टरिक ॲसिड आणि हे सायट्रिक, दोघांचं काम एकच, वरचा काळपट ऑक्साइड सोडवायचा. चिंच भांड्यावर रात्रभर कुणी ठेवत नाही.

स्टेनलेसच्या पिना घालायच्या की नाही यावर शेडमध्ये दोन तट पडले. या पिना साधारण सव्वा मिलिमीटर जाड आणि साडेसहा लांब. त्या पुंगळीच्या आतून आणि प्रायमरच्या खळग्यातून काजळी खरवडून काढतात. निकाल असा की पुंगळी नवीच वाटते. मात्र प्रायमर आधी काढलेला हवा, नाहीतर खळग्यापर्यंत पिन पोचणार कशी? शिवाय दोन पिना बुडाच्या बारीक भोकात एकदम शिरल्या तर पाचर बसते. ती न दिसता पुंगळी भरली गेली, तर पुढचा धोका भरणाऱ्याच्या बंदुकीला.

आम्ही अर्धा माल पिना घालून आणि अर्धा बिनपिनांचा केला. पिना गाळायला इंडियन स्टोअरमधूनच गव्हाची चाळण आणली होती. पिना खाली, पुंगळ्या वर. उरल्यासुरल्या चुंबकानं उचलल्या. स्टेनलेसला चुंबक धरत नाही असं लोक म्हणतात, पण ओढून बारीक केलेल्या तारेच्या पिना थोड्याफार धरतात. ओढताना धातूची अंतर्रचना बदलते.

बिनपिनांचा माल तासाभरात बाहेरून पिवळाधमक झाला, आतून काळसर राहिला. माझ्या मते पिस्तुलाच्या पुंगळीला तेवढं भरपूर. आतली पातळ काजळी नेम चुकवत नाही. बाहेरची वाळू मात्र काढायलाच हवी, कारण ती भरायच्या साच्यावर ओरखडे पाडते. चकाकी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी असते. म्हातारबुवा सहमत नाहीत.

27 एप्रिल, रविवार

वाळवण. खिडक्यांच्या जुन्या जाळ्या घोड्यांवर मांडल्या, त्यांवर पुंगळ्या एक थर पसरल्या, आणि कुरडयांसारख्या दर तासाला हात फिरवून हलवल्या. दुपारी ढग आले, सगळं उचलून आत. मग पंखा.

प्रायमर न काढलेल्या पुंगळीत पाणी बुडाशी अडकतं, वरून कोरडी दिसली तरी. दोन दिवस तरी हवेत. एकानं भट्टीत टाकूया म्हटलं. शंभर अंशांच्या आत ठीक आहे, पण लोकांच्या ओव्हनचे काटे मला ठाऊक आहेत. अडीचशे-तीनशेच्या पुढं पितळ नरमायला लागतं, आणि पुंगळीचं बूड नरम झालं तर ती पुन्हा वापरण्याच्या लायकीची राहत नाही. शिवाय ज्या ओव्हनमध्ये भाकर भाजायची त्यात शिसं न्यायचंच कशाला?

3 मे, शनिवार

आज एक जण काच पुसायच्या द्रावणाची बाटली घेऊन आला, अमोनियावालं. म्हणाला, यानं पितळ क्षणात उजळतं. उजळतं खरं. बाटली मी परत त्याच्या गाडीत ठेवली आणि सगळ्यांना हिंदुस्थानातली गोष्ट सांगितली.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजांचा दारूगोळा पावसाळ्यात तबेल्यांत ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पाहावं तर चांगल्या पितळी पुंगळ्यांना तडे गेलेले. ऋतूबरोबर येणारा आजार, म्हणून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. उलगडा व्हायला 1921 साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पुंगळी ओढून घडवताना धातूत कोंडून राहिलेला ताण, ही दोन्ही एकत्र आली की पितळ चिरतं. पुंगळीचं पितळ सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. लांब ओढलं तरी फाटत नाही म्हणून निवडलेलं, आणि नेमकी हीच ओढ अमोनियापुढं घात करते. सौम्य उष्णता देऊन तो ताण काढून टाकणं हा त्यावरचा उपाय.

माझे मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, 1869 सालच्या त्या जुन्या कारखान्यात. पितळेच्या कोठीजवळ घोडागाडी उभी करू देत नाहीत, असं ते गमतीनं सांगायचे. गंमत होती की नियम, ते विचारायचं राहूनच गेलं.

10 मे, शनिवार

एक घाणा कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी आंबट पाण्यात तसाच सोडून गेलं. सकाळी पुंगळ्या गुलाबी! आम्लानं वरच्या थरातलं जस्त खाल्लं, तांबं उघडं पडलं. म्हातारबुवा माझ्याकडं पाहून हसले, कपभर घालायला निघालेले तेच होते. फिकट गुलाबी पुंगळी बहुधा चालून जाते, पण थर किती खोल गेलाय ते शेडमध्ये बसून मोजता येत नाही. मी सगळा घाणा मोडीत काढायला लावला. पाच हजार पुंगळ्यांवर पाणी सोडताना समितीचा चेहरा पाहण्यासारखा होता. पण विकलेल्या मालाला क्लबचं नाव लागतं.

17 मे, शनिवार

काळ्या पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न शेवटापर्यंत कुणाला सुचला नव्हता. एकानं गवतावर ओतूया म्हटलं. त्या पाण्यात शिसं आहे, आणि गवतापलीकडं क्लबची विहीर. धुण्याचं आणि विसळण्याचं सगळं पाणी निळ्या पिंपात साठवलंय. काउंटीच्या घातक कचरा विभागाला फोन केला, तर क्लब म्हणजे घर नव्हे, घरगुती रांगेत घेत नाहीत. छोट्या संस्थांसाठी वेळ आगाऊ ठरवावी लागते आणि पैसे पडतात. तो खर्च किमतीत धरला.

आज पहिली विक्री झाली. पिनांनी घासलेला आणि बिनपिनांचा माल आम्ही वेगवेगळ्या पिशव्यांत, एकाच भावानं ठेवला होता. दोन्ही दुपारपर्यंत संपले. पुढचा माल बिनपिनांचाच करायचा, असं समितीनं लिहून घेतलं. मिक्सरवर लाल रंगानं 'शिसं, दुसऱ्या कामाला वापरू नये' असं इंग्रजीत रंगवलं, आणि पिनांची बादली म्हातारबुवा घरी घेऊन गेले.