अर्धं शटर

कामोठ्यात आमच्या बिल्डिंगखाली अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. रात्री साडेनऊला ते शटर अर्ध्यावर ओढतात. त्याचा अर्थ गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे: नवीन गिऱ्हाईक नाही, आत बसलेल्यांचं काम मात्र पुरं होणार. मशीनवरची शिवण टोकापर्यंत जाते, वहीत नोंद होते, मग शटर खाली. हे मी रोज बघत आलोय. तरी माझ्या प्रोग्रामला ते शिकवायचं राहून गेलं होतं.

मी लिनक्सवर चालणारे प्रोग्राम लिहितो. पडद्यावर न दिसता मागे अखंड चालणारे; त्यांना डीमन म्हणतात. असाच एक मी एका पॅथॉलॉजी लॅबसाठी लिहिला. तयार रिपोर्ट रांगेतून उचलायचा आणि पेशंटच्या मोबाईलवर पाठवायचा, एवढंच त्याचं काम. नवी आवृत्ती आली की रात्री तो बंद करून पुन्हा सुरू करायचो.

एकदा एका आजींचा रिपोर्ट दोन दिवस पोचलाच नाही. औषधाचा डोस त्यावरून ठरणार होता. शेवटी त्यांचा मुलगा लॅबमध्ये जाऊन कागद घेऊन आला. लॉगमध्ये चूक कुठेच नव्हती. त्या रात्रीच्या दोनच नोंदी होत्या: बंद, सुरू. शोधत शोधत मी माझ्याच स्क्रिप्टमधल्या एका ओळीपाशी आलो. ‘किल -९’.

लिनक्समध्ये प्रोग्रामला थांबवायचे मुख्य सिग्नल दोन. सिगटर्म, क्रमांक १५, ही विनंती असते. प्रोग्राम ती पकडून आवराआवर करू शकतो. सिगकिल, क्रमांक ९, पकडता येत नाही की टाळता येत नाही. कर्नल प्रोग्रामला आहे तिथे संपवतो. माझा प्रोग्राम रिपोर्ट आधी रांगेतून काढायचा, मग पाठवायचा. ९ नेमका मधे आला.

मग ९ मी घातलाच का? कारण १५ दिल्यावर प्रोग्राम कधी कधी अडकून बसायचा. तेही माझंच पाप. सिग्नल आल्यावर चालणाऱ्या हँडलरमध्ये मी लॉग लिहीत होतो. सिग्नल कुठल्याही ओळीच्या मधे येऊ शकतो. मुख्य प्रोग्राम लॉगचं कुलूप हातात धरून लिहीत असतानाच तो आला, तर हँडलर त्या कुलपाची वाट बघतो आणि मुख्य प्रोग्राम हँडलर संपायची. दोघंही जागेवरच.

आता हँडलर जवळजवळ काहीच करत नाही. ‘थांबायचंय’ एवढी खूण करतो आणि एका पाइपमध्ये एक बाइट टाकतो. मुख्य प्रोग्राम रांगेची आणि पाइपची वाट एकत्र बघतो, म्हणजे रांग रिकामी असली तरी जाग येते. खूण दिसली की नवा रिपोर्ट उचलत नाही. हातातला संपवतो, लॉग लिहितो, बाहेर पडतो. मुदत मात्र असते: सिस्टिमडी सहसा ९० सेकंद थांबते, डॉकर १०. त्यानंतर ९ येतोच.

हे सगळं मी अब्बांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, “आणि लाईट गेली तर?”

मी गप्प. वीज जाताना १५ देत नाही. अब्बांच्या प्रत्येक अर्धवट कपड्याला चिठ्ठी टाचलेली असते: माप, झालेलं काम, उरलेलं काम. मशीन कधीही थांबो, कपडा हरवत नाही.

म्हणून आता रिपोर्ट पोचल्याची नोंद झाल्याशिवाय रांगेतून काढत नाही. मधेच वीज गेली तर एखादा रिपोर्ट दोनदा जाईल. जाऊ दे. दोनदा आलेला रिपोर्ट पेशंट पुसून टाकेल; न आलेल्याची त्याला खबरही नसते.

तुमच्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये ‘किल -९’ असेल, तर तो नुसता काढून टाकू नका. तो तिथे का घालावा लागला, ते आधी बघा.